तेलाचें धुवण आणि काळी जमीन

खानदेशांतील कापूस पिकतो रुईसाठीं. परंतु रुई काढल्यावर उरणाऱ्या सरकींतहि तेल असतें. जळगांव व धुळें या जिल्ह्यांत सरकी आणि भुईमूग यांच्या आधारानें तेलाचा धंदा वाढला. अमळनेर येथें १९४५ सालीं निघालेली ‘वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स’ ही कंपनीच पुढें ‘विप्रो’ या नांवानें प्रसिद्धीस आली.

तेल काढण्याच्या रीती मुख्यतः तीन. बैलाच्या घाण्यास कोळसा वा रसायन लागत नाहीं. परंतु पेंडींत दहाबारा टक्के तेल राहून जातें. एक्स्पेलर मळसूत्राच्या दाबानें बीं पिळून काढतो. त्याच्या पेंडींत सुमारें सहासात टक्के तेल उरतें. तिसऱ्या रीतींत पेंड हेक्झेन या पेट्रोलियमजन्य द्रवानें धुतात. मग जेमतेम एक टक्का उरतें. हेक्झेन आटवून पुन्हां वापरतात. तरी त्याची थोडी ज्वालाग्राही वाफ हवेंत निसटतेच.

म्हणून घाणा तेवढा निर्दोष, असा निवाडा करणें घाईचें होईल. पेंडींतील तेल गुरांच्या मुखीं लागतें हें खरें. परंतु माणसांसाठीं तितकेंच तेल मिळवावयाचें तर अधिक जमीन पेरावी लागते.

खरी मेख शुद्धीकरणांत आहे. सरकीचें कच्चें तेल काळपट असून त्यांत गॉसिपॉल हें विषारी द्रव्य असतें. तें घालविण्यासाठीं तेलांत कॉस्टिक सोडा मिसळतात. खालीं साबणासारखा साका बसतो, व तेल गरम पाण्यानें धुतात. हें धुवण तसेंच नाल्यांत सोडलें तर त्यांतील स्निग्धांश कुजतांना पाण्यांतील प्राणवायु संपतो व मासे मरतात. शेतांत मुरलें तर त्यांतील सोडियम काळ्या जमिनीचे कण विस्कटून टाकतें. पाणी मुरेनासें होतें आणि जमीन चोपण बनते. तापी, गिरणा, पांझरा यांच्या कांठच्या शेतीस याहून मोठी हानि कोणती?

उलट, साका निराळा काढला तर त्याचा साबण होतो. अमळनेरचा ‘७८७’ हा कपडे धुण्याचा साबण तेलधंद्याच्या उपपदार्थांतूनच निघाला. उरलेलें पाणी तेल निराळें करून व जंतूंकरवीं शुद्ध करून सोडतां येतें. याचा खर्च टाळून स्वस्त झालेल्या तेलाची बाकी किंमत शेजारचा शेतकरी भरतो.

तेल नितळ हवें, ही शहरांतील घरांची मागणी. त्या नितळपणाचें धुवण कोठें गेलें, हेंहि त्याच घरांनीं विचारावें. आणि तळणीचें उरलेलें तेल स्वतःच्या मोरींत ओतूं नये.