कोकण अव्वल, पण नेमकं कशात?

कणकवलीच्या मंगळवारच्या बाजारात दोन पालक भेटले आणि विषय मुलांच्या अभ्यासावर गेला, की पायाभूत चाचणी, शिष्यवृत्ती, नवोदय आणि दहावी यांचे आकडे एकाच मापाने मोजले जातात. या परीक्षा वेगवेगळ्या कामांसाठी काढलेल्या आहेत. एकीचे गुण दुसरीच्या कामाला लावले, की मुलाबद्दल आणि शाळेबद्दलही चुकीचे निष्कर्ष निघतात. माझ्या मते परीक्षांवरच्या वादाचं मूळ इथेच आहे.

गैरसमज : दहावीच्या निकालात कोकण पहिलं, म्हणजे शिक्षणातही पहिलं.

रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोन जिल्ह्यांचं कोकण मंडळ २०१२ च्या परीक्षेपासून स्वतंत्र झालं आणि तेव्हापासून दहावीच्या निकालात ते सतत आघाडीवर आहे. २०२४ मध्ये ९९.०१ टक्के, २०२५ मध्ये ९८.८२ टक्के. यामागे शिक्षकांचे कष्ट आहेत आणि त्यांचं कौतुक व्हायलाच हवं. पण उत्तीर्णांची टक्केवारी एवढंच सांगते, की किती मुलांनी ३५ ची रेषा ओलांडली. रेषेच्या किती वर गेली, हे त्यात दिसत नाही.

ही रेषा परीक्षेच्या रचनेवर किती अवलंबून असते, ते २०१९ ने दाखवलं. त्या वर्षी भाषा आणि सामाजिक शास्त्रांचे शाळेकडचे अंतर्गत गुण काढून घेतले होते. राज्याचा निकाल ८९.४१ वरून थेट ७७.१० टक्क्यांवर आला. कोकणचाही ९६ वरून ८८.३८ वर घसरला. अंतर्गत गुण परत आले आणि २०२० मध्ये राज्य ९५.३० वर, कोकण ९८.७७ वर पोहोचलं. एका वर्षात मुलं इतकी मागे पडली आणि पुढच्या वर्षी इतकी हुशार झाली, असं कोणी म्हणणार नाही. बदललं ते मोजण्याचं माप. तरीही दोन्ही वर्षी कोकणचा क्रमांक पहिलाच राहिला, हीसुद्धा वस्तुस्थितीच आहे.

गैरसमज : शिष्यवृत्ती हुकली, म्हणजे मूल बेताचं.

राज्य परीक्षा परिषदेची ही परीक्षा निवड करण्यासाठी आहे. पूर्वी ती चौथी-सातवीला होती, मग पाचवी-आठवीला गेली आणि २०२५ मध्ये शासनाने ती पुन्हा चौथी-सातवीकडे नेण्याचा निर्णय घेतला. दोन पेपर, प्रत्येकी १५० गुण. भाषा, गणित, इंग्रजी आणि बुद्धिमत्ता चाचणी. दोन्ही पेपरांत किमान ४० टक्के मिळवणारं मूल पात्र ठरतं. पण शिष्यवृत्त्यांची संख्या ठरलेली असल्यामुळे पात्र ठरलेल्या कित्येकांना ती मिळत नाही. पात्र होऊनही यादीत नाव न आलेल्या दहा वर्षांच्या मुलीला घरी 'नापास' म्हणणं हा तिच्यावर अन्याय आहे. शिवाय नव्वद मिनिटांत पंचाहत्तर बहुपर्यायी प्रश्न सोडवणं हा सरावाचा भाग असतो. सराव झालेलं आणि न झालेलं मूल यांच्यातलं अंतर बुद्धीचं धरता येत नाही.

गैरसमज : आठवीपर्यंत कोणी नापास होत नाही.

शिक्षण हक्क कायद्याने आठवीपर्यंत बोर्डाच्या परीक्षेची सक्ती काढली, मूल्यमापन कधीच काढलं नव्हतं. २०१९ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली आणि राज्याने डिसेंबर २०२३ मध्ये पाचवी व आठवीला वार्षिक परीक्षा लागू केली. अनुत्तीर्ण मुलाला आधी मदत आणि पुनर्परीक्षा, त्यातही जमलं नाही तर त्याच वर्गात पुन्हा. प्राथमिक शिक्षण पूर्ण होईपर्यंत शाळेतून मात्र काढता येत नाही.

गैरसमज : चाचणीच्या सरासरीवरून शाळा चांगली की वाईट ते कळतं.

हा गैरसमज आपल्या भागाला सर्वांत जास्त महाग पडतो. कणकवली तालुक्यात घाटाच्या पायथ्याच्या वाड्यांमध्ये चार-पाच मुलांचे वर्ग आहेत. समजा, पाचांपैकी चौघांची सरासरी ३० आहे आणि तापातून उठलेल्या पाचव्याला ५ गुण पडले. वर्गाची सरासरी २५ वर येते. पन्नास मुलांच्या वर्गात त्याच गुणांनी ती जेमतेम अर्ध्या गुणाने खाली येईल. म्हणून लहान शाळेची सरासरी एका वर्षी आभाळाला आणि दुसऱ्या वर्षी जमिनीला टेकते. शिक्षक तेच असतात, शिकवणंही तेच. अशा आकड्यावरून शाळांची क्रमवारी लावणं मला गंभीर चूक वाटते.

४ डिसेंबर २०२४ ला झालेलं 'परख' राष्ट्रीय सर्वेक्षण तिसरी, सहावी आणि नववीच्या निवडक शाळांतल्या निवडक मुलांवर होतं. त्यातून जिल्ह्याचं आणि राज्याचं चित्र मिळतं. एखाद्या मुलाचा किंवा तुमच्या वाडीच्या शाळेचा निकाल त्यातून काढायचा नसतो. याउलट पायाभूत आणि संकलित चाचण्या वर्गासाठी आहेत. वजाबाकीत हातचा कोणाला जमत नाही, वाचताना कोण अडखळतं, हे शिक्षकाला कळावं आणि त्याने शिकवणं बदलावं, यासाठी त्या आहेत.

गैरसमज : सगळ्यांना एकच पेपर म्हणजे गरिबांवर अन्याय, म्हणून अशा परीक्षा बंदच करा.

तक्रारीत तथ्य आहे. घरी मालवणी बोलणाऱ्या दुसरी-तिसरीतल्या मुलाला हिशेब येतो, पण प्रमाण मराठीतलं लांबलचक शाब्दिक उदाहरण त्याला अडवतं. गुण गणिताचे जातात, अडचण भाषेची असते. त्यावर उपाय आहे : तोच प्रश्न तोंडी विचारून पाहणं.

पण परीक्षाच बंद केल्या तर नुकसान कोणाचं? सांगेलीच्या नवोदय विद्यालयातल्या किमान ७५ टक्के जागा ग्रामीण मुलांसाठी असतात आणि तिथे प्रवेश परीक्षेतूनच मिळतो. आठवीतली 'एनएमएमएस' ही शिष्यवृत्ती परीक्षा साडेतीन लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या, सरकारी व अनुदानित शाळांच्या मुलांसाठीच आहे. निवड झाली तर नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये मिळतात. ज्या घरात कोणाची ओळख नाही, त्या घरासाठी ही वाट ओळखीवर चालत नाही, हेच तिचं मोल.

तेव्हा शाळा व्यवस्थापन समितीच्या पुढच्या बैठकीला जा. पाल्याचा नंबर कितवा, हे विचारू नका. संकलित चाचणीची उत्तरपत्रिका मागा, शिक्षकांशेजारी बसून कोणते प्रश्न चुकले ते पाहा आणि पुढच्या महिन्यात त्यावर काय शिकवणार, ते विचारा.