स्टिअरिंग काढायचंय? नटाला हात लावण्याआधी बॅटरी

(या भागाचं शब्दांकन. ऐकताना पायऱ्या लक्षात राहत नाहीत, म्हणून त्या इथे क्रमाने लिहिल्या आहेत. बाकी भाषा बोलण्यातलीच ठेवली आहे.)

आजचा विषय बऱ्याच श्रोत्यांनी मागितलेला. गाडीचं स्टिअरिंग, म्हणजे आपण हातात धरतो ते चाक, घरच्या घरी काढता येतं का? आणि येत असेल तर सुरक्षितपणे कसं काढायचं?

थोडक्यात उत्तर असं. चाक काढणं अवघड नाही. मधोमध एक नट असतो, तो सोडवला की चाक बाहेर येतं. पण त्या नटाच्या पुढे, तुमच्या छातीच्या समोर, एअरबॅग बसवलेली आहे की नाही यावर सगळं अवलंबून आहे. एअरबॅग नसेल तर हे तासाभराचं काम. असेल तर नियम वेगळे, आणि ते नियम कुणीतरी जखमी झाल्यावर लिहिले गेलेत असं समजूनच पाळायचे.

आधी विचारा, काढायचं कशाला?

रास्त कारणं तीन-चारच. हॉर्नचा संपर्क खराब झालाय. इंडिकेटर-वायपरचा कॉम्बिनेशन स्विच बदलायचाय. चाकाचं आवरण फाटलंय, म्हणून नवं चाक घ्यायचंय. किंवा चाकामागची क्लॉक स्प्रिंग तुटलीय. तिच्याकडे पुढे येऊच.

एक कारण मात्र चुकीचं, आणि नेमकं तेच जास्त ऐकू येतं. "अलाइनमेंट करून आणलं आणि सरळ रस्त्यावर स्टिअरिंग वाकडं राहतंय, तर काढून एक खाच फिरवून बसवू का?" तर, नको. चाक पूर्वी सरळ होतं आणि अलाइनमेंटनंतर वाकडं झालं, तर दोन्ही बाजूंचे टाय रॉड सारखे जुळवलेले नाहीत. परत त्याच ठिकाणी जा आणि स्टिअरिंग मध्यावर लॉक करून टाय रॉड जुळवायला सांगा. वर चाक फिरवून बसवलंत तर दिसायला सरळ दिसेल, पण खाली एका बाजूला जास्त वळण आणि दुसऱ्या बाजूला कमी. शिवाय एका खाचेत मोठा फरक पडतो. शाफ्टवर 36 खाचा असतील तर एक खाच म्हणजे 10 अंश. दोन-तीन अंशांचा वाकडेपणा त्याने जाणार नाही, उलट्या बाजूला जाईल.

एअरबॅग आहे का, हे कसं ओळखायचं?

भारतात 1 जुलै 2019 पासून नव्या गाड्यांना ड्रायव्हरसाठी एअरबॅग सक्तीची झाली. त्यानंतरची गाडी असेल तर प्रश्नच नाही, एअरबॅग आहे. त्याआधीच्या गाड्यांत मात्र गोंधळ होतो, कारण एकाच मॉडेलच्या स्वस्त व्हेरियंटला एअरबॅग नसायची आणि महागड्याला असायची. शेजाऱ्याच्या गाडीवरून अंदाज बांधू नका.

दोन गोष्टी बघा. चाकाच्या मधल्या भागावर 'एसआरएस' किंवा 'एअरबॅग' अशी इंग्रजी अक्षरं कोरलेली आहेत का? आणि चावी ऑनवर फिरवल्यावर मीटरमध्ये एअरबॅगचा दिवा काही सेकंद लागून विझतो का? गाडी सेकंडहँड असेल आणि शंका आली, तर एअरबॅग आहे असं धरूनच काम करा. मारुती 800 सारख्या जुन्या गाड्यांत ती नव्हतीच.

ती पिशवी फुगते कशी?

हे कळलं की पुढच्या पायऱ्या पाठ कराव्या लागत नाहीत, आपोआप पटतात.

एअरबॅगमध्ये हवा भरून ठेवलेली नसते. आत घडी घातलेली पिशवी असते आणि तिच्यामागे धातूच्या डबीत घन रसायन. टक्कर झाली की कंट्रोल युनिट एका छोट्या इग्नायटरला वीज देतं, रसायन पेटतं, वायू तयार होतो आणि पिशवी साधारण 30 मिलिसेकंदात फुगते. डोळ्याची पापणी लवते त्याच्याही आधी. म्हणून अमेरिकेतली रस्ता-सुरक्षा संस्था सांगते की छाती आणि चाकाचा मधला भाग यांत किमान 10 इंच अंतर ठेवून बसा. आता विचार करा, चाकावर वाकून नट सोडवताना आपला चेहरा किती लांब असतो? चार-सहा इंच.

दुसरी गोष्ट. टक्करीत बॅटरीची वायर तुटली तरी एअरबॅग उघडली पाहिजे, म्हणून कंट्रोल युनिटमध्ये कपॅसिटर असतो. तो थोडा वेळ वीज साठवून ठेवतो. म्हणजे बॅटरी काढल्या क्षणी एअरबॅग 'मेली' असं होत नाही. काही कंपन्यांची मॅन्युअल 90 सेकंद थांबायला सांगतात, काही 3 मिनिटं, काही त्याहून जास्त. आपण घरी आहोत, मागे गिऱ्हाईक उभं नाही. सरळ 15 मिनिटं थांबा. चहा घ्या.

एअरबॅग नसलेली गाडी

1. गाडी सपाट जागी लावा, हँडब्रेक ओढा, पुढची चाकं सरळ करा, चावी ऑफ करा.

2. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. नाहीतर हॉर्नची वायर बॉडीला लागेल आणि अख्खी सोसायटी खाली येईल.

3. हॉर्नचं पॅड काढा. काही गाड्यांत ते नुसतं ओढून निघतं, काहींत चाकाच्या मागून स्क्रू असतात. खालची वायर हळूच सोडवा.

4. मधला नट दिसेल. गाडीप्रमाणे 17 किंवा 19 ची गोटी लागते. सोडवताना दुसऱ्या हाताने चाक घट्ट धरा. स्टिअरिंग लॉकच्या भरवशावर जोर लावू नका, लॉकची पिन वाकते.

5. नट पूर्ण काढू नका. तीन-चार आटे अडकलेले राहू द्या. घाईत हीच पायरी राहते. चाक खाचांमध्ये घट्ट बसलेलं असतं, आपण दोन्ही हातांनी ओढत असतो, आणि ते सुटतं तेव्हा एकदम सुटतं, थेट तोंडावर. नट अडकलेला असेल तर चाक तिथेच थांबतं.

6. शाफ्टच्या टोकावर आणि चाकाच्या मध्यावर जुळणारी एक खूण करा. पेंट मार्कर चालेल.

7. चाक दोन्ही बाजूंनी धरून आळीपाळीने डावीकडून-उजवीकडून हलवत ओढा. नाही निघालं तर खाचांवर थोडं गंज सोडवणारं तेल मारून वाट बघा. तरीही नाही, तर स्टिअरिंग पुलर वापरा. तो चाकातल्या दोन भोकांत बोल्ट घालून चाक सरळ वर उचलतो.

शाफ्टवर हातोडी मारायची नाही. टक्करीत स्टिअरिंग ड्रायव्हरच्या छातीत घुसू नये म्हणून कॉलम आतल्या आत दबेल असा बनवलेला असतो. हातोडीच्या घावांनी तो आजच दबू शकतो, आणि बाहेरून काही दिसत नाही. 'दोन ठोके दिले की निघतं' असं सांगणारे असतात. निघतं, खरंय. पण पुढच्या अपघातात लागणारा बचाव आपण त्या दोन ठोक्यांत खर्च केलेला असतो.

एअरबॅग असलेली गाडी

पहिली अट, तुमच्या मॉडेलचं सर्व्हिस मॅन्युअल हाताशी हवं. ते नसेल तर इथेच थांबा. असेल तर वरच्या पायऱ्यांत पुढची भर घाला.

निगेटिव्ह वायर काढून तिचं टोक कापडात गुंडाळा, चुकूनही परत टेकायला नको. मग ती 15 मिनिटं. कामाला लागताना गाडीच्या उघड्या धातूला हात लावा, म्हणजे अंगातली स्थिर वीज निघून जाईल.

एअरबॅगचं पॅड चाकाच्या मागून सुटतं. काही गाड्यांत स्टार बिटचे स्क्रू असतात, काहींत बाजूच्या भोकांतून स्क्रू ड्रायव्हर घालून स्प्रिंग क्लिप दाबावी लागते. पॅड थोडं पुढे आलं की मागे पिवळा कपलर दिसेल. एअरबॅगच्या वायरिंगला जगभर पिवळा रंग वापरतात, तो 'इथे जपून' असं सांगण्यासाठीच. कपलरचं छोटं लॉक आधी उचला, मग कपलर सरळ ओढा. वायर धरून ओढू नका.

आता पॅड हातात आहे. नेताना चेहरा असलेली बाजू अंगापासून लांब धरा. ठेवताना ती बाजू वर. पालथं ठेवलं आणि काही कारणाने उडालं, तर ते अख्खं पॅड रॉकेटसारखं वर जाईल. उताणं असेल तर पिशवी नुसती हवेत फुगेल. त्यावर काही ठेवू नका, उन्हात ठेवू नका, पोरांच्या हाताला लागू देऊ नका.

आणि मल्टीमीटर लावून 'चालू आहे का' असं तपासायचं नाही, अजिबात नाही. इग्नायटरचा रेझिस्टन्स जेमतेम 2 ओहम असतो. मीटर स्वतःहून थोडा करंट सोडतो, तो किती हे आपल्याला माहीत नसतं.

यापुढे नट तसाच, चार आटे ठेवून. फोक्सवॅगन गटाच्या गाड्यांत नटाऐवजी बोल्ट असतो, त्याला बारा टोकांची बिट लागते आणि तो किती वेळा वापरता येईल याला मर्यादा आहे. चाक बाहेर काढताना मागच्या वायरी आणि कपलर चाकातल्या भोकातून एकेक करून हाताने पार करा. पुलरचे बोल्ट जास्त आत घालू नका, मागे क्लॉक स्प्रिंग आहे.

क्लॉक स्प्रिंग म्हणजे काय?

चाक फिरतं, कॉलम गाडीला पक्का असतो. मग फिरणाऱ्या एअरबॅगपर्यंत वीज कशी पोचणार? त्यासाठी प्लॅस्टिकच्या चपट्या डबीत फितीसारखी केबल गुंडाळलेली असते. चाक फिरलं की ती सैल होते किंवा आवळते, घड्याळाच्या स्प्रिंगसारखी. ती ठरावीकच वेढे फिरते, पुष्कळ गाड्यांत मध्यापासून दोन्ही बाजूंना अडीच-अडीच.

चाक काढलं की ही डबी मोकळी होते आणि बोट लागलं तरी फिरते. म्हणून लगेच चिकटपट्टी लावून ती आहे तिथेच पक्की करा, आणि गाडीची पुढची चाकंही हलवू नका. डबी एक वेढा पुढे-मागे होऊन बसली तर त्या दिवशी सगळं ठीक वाटतं. मग कधीतरी पार्किंगमध्ये चाक पूर्ण वळवता आणि आत केबल तुटते. हॉर्न बंद, एअरबॅगचा दिवा कायमचा लागलेला. त्या दिव्याचा अर्थ असा की टक्कर झाली तर पिशवी बहुधा उघडणार नाही.

परत बसवताना

खुणा जुळवा, वायरी भोकातून घ्या, चाक खाचांवर पूर्ण बसलं की मग नट. तो किती आवळायचा हे मॅन्युअलमध्ये दिलेलं असतं. लहान गाड्यांत बहुधा 30 ते 50 न्यूटन-मीटर. अंदाज यावा म्हणून सांगतो, पाव मीटर लांब पान्याच्या टोकाला 16 किलोचा जोर दिला की साधारण 40 न्यूटन-मीटर होतात. पण इथे अंदाजावर न जाता टॉर्क पाना वापरा. हा नट सैल राहिला तर काय होईल ते सांगायला नको.

एअरबॅगचा कपलर 'टक' आवाज येईपर्यंत दाबा, त्याचं लॉक बसवा, पॅड लावा. बॅटरी जोडताना गाडीत कुणी बसलेलं नको. चावी ऑन करताना दारातून हात घालून, चाकाच्या समोर न येता फिरवा. एअरबॅगचा दिवा काही सेकंद लागून विझला पाहिजे. मग हॉर्न, इंडिकेटर, आणि मोकळ्या जागेत हळू चालवून चाक सरळ राहतंय का ते बघा. ईएससी असलेल्या गाडीत स्टिअरिंग अँगल सेन्सर पुन्हा शून्यावर आणावा लागू शकतो, ते स्कॅनरचं काम.

इथे हात लावू नका

एअरबॅगचा दिवा आधीपासून लागलेला आहे. गाडी समोरून ठोकलेली आहे. गाडी पुरात बुडालेली आहे. या तिन्हींत काम वर्कशॉपचं.

चौथी गोष्ट, जुन्या गाडीवर एअरबॅगचा रिकॉल बाकी असेल तर. ताकाता या जपानी कंपनीच्या एअरबॅगमधलं अमोनियम नायट्रेट उष्ण-दमट हवेत वर्षानुवर्षं राहून बिघडत गेलं, आणि पिशवी उघडताना धातूच्या डबीचेच तुकडे उडून माणसं मेली. जगभर कोट्यवधी गाड्या परत मागवल्या गेल्या, भारतातही. 2017 मध्ये ती कंपनी दिवाळखोरीत गेली. उष्ण आणि दमट म्हणजे मुंबई, कोकण, गोवा, आपलीच हवा. कंपनीच्या संकेतस्थळावर चॅसिस नंबर टाकून बघा. रिकॉल बाकी असेल तर ती एअरबॅग कंपनी फुकट बदलून देते.

आणि भंगारातली एअरबॅग स्वस्त मिळते म्हणून आणू नका. ती कुठल्या गाडीतून निघाली, पाण्यात होती का, हे घरी तपासायचा कुठलाही मार्ग नाही.

तर मंडळी, एवढंच. जुनी साधी गाडी असेल तर एका रविवारी सकाळी बिनधास्त करा, नटाचे चार आटे तेवढे विसरू नका. एअरबॅग असेल तर मॅन्युअल, बॅटरी आणि 15 मिनिटं. यातलं एक जरी नसेल तर गॅरेजला फोन करा. मजुरीचे पैसे वाचवण्यासारखी ही जागा नव्हे. भेटू पुढच्या भागात.