सरकार शिक्षणाचं दारं कसं धरतं?

मित्रहो, सरकार काही वर्गात येऊन शिकवत नाही. मग ते उच्च शिक्षणाला वळण लावतं कसं? आज आपण आष्ट्यात बसलोय, तेव्हा इथलंच उदाहरण घेऊ. उसाला पाणी पाजताना जो दारं धरतो, तो ऊस उगवत नाही. पण कुठल्या सरीला पाणी पोचणार, हे त्याच्या हातात असतं. सरकारच्या हातात अशी तीन दारं आहेत: कायदा, पैसा आणि मोजमाप.

आधी कायदा पाहू. १९६२ साली कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठ झालं. तेव्हापासून इकडची रचना अशी : महाविद्यालय संस्थेचं, अनुदानित असेल तर पगार सरकारचा, पदवी विद्यापीठाची. या तिघांत कुणाचं किती चालायचं, हे कायदा ठरवतो. १९९४ चा कायदा गेला, २०१६ चा आला. २०२१ मध्ये कुलगुरू निवडीत राज्य सरकारचा हात वाढवणारं विधेयक विधिमंडळानं मंजूर केलं. पुढं सरकार बदललं आणि ते मागं घेतलं गेलं. विद्यापीठ कुणाला उत्तरदायी असावं, हा त्यातला खरा प्रश्न होता. तो अजून सुटलेला नाही.

आता पैसा. इथं जरा थांबूया, कारण ही गोष्ट आपल्याच जिल्ह्यातून सुरू होते. यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री असताना ई.बी.सी. सवलत आली, आणि गरीब घरातली मुलं कॉलेजात दिसू लागली. म्हणजे पैसा सरकारनं घातला. १९८३ मध्ये सांगलीच्या वसंतदादा पाटलांनी विनाअनुदान तत्त्वावर अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी दिली. तेव्हा आपली मुलं देणगी भरून कर्नाटकात शिकायला जात होती, त्यामुळं निर्णयामागं गरज होती. सरकारनं खर्च न करता जागा वाढवल्या. ग्रामीण भागात, आपल्या आष्ट्यातही, अभियांत्रिकी आली. पण खर्च नाहीसा झाला नाही, तो घरावर आला. कुणी सोसायटीचं कर्ज काढलं, कुणी रान विकलं. मग फी किती असावी यावर न्यायालयात वाद झाले, २०१५ मध्ये शुल्क नियमनाचा कायदा आला, आणि २०२४ पासून आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क माफ झालं. बघा, एक दारं उघडलं की दुसरीकडं बांध घालावा लागतो.

तिसरं, मोजमाप. १९९४ मध्ये नॅक स्थापन झाली. कॉलेजला श्रेणी मिळू लागली, आणि स्वायत्तता, निधी त्या श्रेणीशी जोडले गेले. तपासणी हवीच, लोकांचा पैसा आहे. पण तत्त्वज्ञानात आम्ही साधन आणि साध्य असा भेद करतो. श्रेणी हे साधन. प्राध्यापकाचा वेळ वर्गापेक्षा फायलीत जायला लागला, की साधनच साध्य होऊन बसतं. त्यातच कायमच्या जागा रिकाम्या आणि तासिका तत्त्वावरचा शिक्षक महिनोन्‌महिने मानधनाची वाट बघतोय. तिथं नवं धोरण कुणी राबवायचं?

म्हणून २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाकडं बघताना आपण तीनच प्रश्न विचारावेत. निर्णय कोण घेणार? खर्च कुणाच्या घरावर पडणार? आणि जे मोजलं जाणार नाही, त्याची काळजी कोण घेणार? सरकार कुठलंही असो, हे विचारायचा हक्क आपला आहे. आता तुमचे प्रश्न घेऊ.