चढाओढीत मुरलेले पाणी

शर्यतीत एक जिंकला म्हणजे बाकीचे हरले, असेच तुम्हांला वाटते ना? मग ही शर्यत पाहा.

साताऱ्याचा पूर्व भाग आणि सांगलीचे आटपाडी, जत हे तालुके पर्जन्यछायेत येतात. पाऊस मुळात थोडा. तोही उतारावरून वाहून जातो. २०१६ साली पाणी फाउंडेशनने तीन तालुक्यांत गावागावांची स्पर्धा लावली: ४५ दिवसांत जलसंधारणाचे सरस काम कोण करतो? पहिले आले कोरेगाव तालुक्यातील वेळू. पुढे आटपाडी, जतची गावेही उतरली.

नुसती कुदळ चालवून भागत नाही. चर उतारावर गेला की त्याचा ओहोळच होतो! म्हणून शेतकरी समपातळी शोधायला शिकले. इंग्रजी ‘ए’ अक्षरासारखी लाकडी चौकट घ्यायची, शेंड्याला दगड बांधलेली दोरी सोडायची. दोरी आडव्या काठीच्या मध्यखुणेवर आली, की दोन्ही पाय एकाच उंचीवर. त्या रेषेत खणलेला १० मीटर लांब, अर्धा मीटर रुंद, अर्धा मीटर खोल चर एकदा भरला, की २,५०० लिटर पाणी अडते आणि जमिनीत मुरते.

पहिला क्रमांक वेळूला मिळाला. पण चर इतर गावांतही राहिले, आणि समपातळी ओळखणारी माणसेही. तुमच्या मैदानावर दोन गट करा, चौकट बांधा आणि पाहा, कोणाची रेषा अधिक अचूक येते!