ताप गेला, न्यूमोनिया नाही!

गोळ्यांचा कोर्स संपला, ताप उतरला, आता सोमवारी ऑफिस... असा प्लॅन करताय? जरा थांबा! फुफ्फुसांचं कॅलेंडर एचआरच्या कॅलेंडरवर चालत नाही.

समजा, तुम्ही मूळचे कोल्हारचे. नोकरी हिंजवडीत, रूम वाकडला. न्यूमोनिया झाला, औषधं सुरू झाली आणि ताप जरा उतरल्यावर बाबा येऊन नगरमार्गे घरी घेऊन गेले. आठव्या दिवशी ताप नाही, भूकही लागतेय. पण भगवतीमातेच्या मंदिरापर्यंत चालत गेलात, तर धाप लागते. रात्री खोकला झोपू देत नाही. आणि मोबाइलवर बॉसचा मेसेज : 'मंडे से आ रहा है ना?'

आई म्हणते, 'अजून चार दिवस थांब की रे.' खरं सांगायचं तर आईचा अंदाजही कमीच आहे.

जंतू मेले, पसारा उरला

न्यूमोनियात फुफ्फुसातल्या हवेच्या बारीक पिशव्या द्रवाने आणि पूने भरतात. जंतू बॅक्टेरिया असतील तर अँटिबायोटिक त्यांना मारतं आणि दोन-तीन दिवसांत ताप उतरू लागतो. पण पिशव्यांमधला पसारा शरीराला स्वतःच आवरावा लागतो. पूर ओसरला म्हणून घर लगेच राहण्यासारखं होतं का? गाळ काढायला वेळ लागतोच. एक्स-रे तर आणखी मागे असतो. पेशंट ठणठणीत दिसतो, तरी फिल्मवरचा पांढरा डाग काही आठवडे राहू शकतो.

आठवड्यांचा हिशेब

ब्रिटनच्या 'नाइस' या संस्थेने २०१४मध्ये पेशंटला सांगण्यासाठी एक साधं टाइमटेबल दिलं :

* १ आठवडा : ताप गेलेला असावा.
* ४ आठवडे : छातीतलं दुखणं आणि कफ बराच कमी.
* ६ आठवडे : खोकला आणि धाप बरीच कमी.
* ३ महिने : बहुतेक त्रास संपलेला, थकवा मात्र राहू शकतो.
* ६ महिने : बहुतेकांना पूर्ववत वाटतं.

हे सरासरी गणित आहे. तरुण, निर्व्यसनी आणि सौम्य आजार असेल तर गाडी लवकर रुळावर येते. डायबेटिस, दमा, सिगरेट किंवा आयसीयूतला मुक्काम असेल तर वेळ वाढतो.

घाई कुणालाच परवडत नाही

नोव्हेंबर २०१९मध्ये लता मंगेशकर न्यूमोनियामुळे ब्रीच कँडीत दाखल झाल्या. वय ९०. तब्बल २८ दिवसांनी, ८ डिसेंबरला त्या घरी परतल्या. पूर्ण बरं झाल्यावरच घरी जावं, असा डॉक्टरांचा आग्रह होता, हे त्यांनी स्वतः सांगितलं.

उलट उदाहरण हिलरी क्लिंटन यांचं. ९ सप्टेंबर २०१६ला न्यूमोनियाचं निदान झालं, तरी प्रचार थांबला नाही. ११ तारखेला न्यूयॉर्कच्या कार्यक्रमातून अर्ध्यात निघावं लागलं आणि गाडीत बसताना तोल गेला. मग सक्तीची विश्रांती आलीच!

मग रजेचं काय?

महाराष्ट्राच्या २०१७च्या दुकाने व आस्थापना कायद्यात वर्षाला ८ दिवस पगारी किरकोळ रजा आहे. साठलेली अर्जित रजा वेगळी. ईएसआयमध्ये असाल, तर अटी पूर्ण केल्यावर आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत पगाराच्या ७० टक्के रक्कम मिळू शकते. म्हणजे ८ दिवसांची रजा आणि ६ आठवड्यांचा खोकला, यातला फरक तुम्हालाच भरून काढायचाय. डॉक्टरांकडून 'फिट' सर्टिफिकेट घेताना काही दिवस अर्धा वेळ किंवा घरून काम, असंही लिहून मागा. मागायला लाजू नका, बॉसला कागद समजतो!

गावी असाल तर...

कोल्हारसारख्या गावी बरं होणं ही चैनच आहे. ट्रॅफिक नाही, आयतं जेवण आणि जवळच लोणीला प्रवरा रुग्णालय. फॉलोअपसाठी पुणं गाठायची गरज नाही.

* रोज थोडं चाला. चालताना बोलता येतंय, तेवढाच वेग. दर दोन-तीन दिवसांनी अंतर वाढवा.
* डाळ, अंडी, दूध, मटकी पोटात जाऊ द्या. पाणी भरपूर प्या.
* उसाचं पाचट पेटलं असेल तिकडे फिरकू नका. चुलीचा धूर, शेकोटी आणि सिगरेटही नको.
* अँटिबायोटिकचा कोर्स मधेच सोडू नका. मित्राच्या उरलेल्या गोळ्याही घेऊ नका.
* जिम, ट्रेक, क्रिकेट डॉक्टरांना विचारूनच.

हे दिसलं तर लगेच डॉक्टरकडे

औषध सुरू होऊन तीन दिवस झाले तरी फरक नाही, उतरलेला ताप परत आला, बसल्या जागी धाप, ओठ निळसर, कफात रक्त किंवा बोलण्यात गोंधळ... यातलं काहीही दिसलं तर वाट पाहू नका. आणि खोकला दोन आठवड्यांपेक्षा जास्त टिकला, तर 'न्यूमोनियाचाच असेल' असं स्वतः ठरवू नका. आपल्याकडे टीबी अजून गेलेला नाही. त्याची थुंकीची तपासणी सरकारी दवाखान्यात मोफत होते.

बाकी, मंडेचं काय घेऊन बसलात? सोमवार दर आठवड्याला येतो. फुफ्फुसं मात्र एकदाच मिळतात!