छोट्या घोड्यांचे जंत : औषधाआधी लीद तपासा

जूनमध्ये मावळात पाऊस स्थिरावला की नवलाख उंबरेपासून लोणावळ्यापर्यंत माळरान आणि बांध हिरवे होतात. उन्हाळाभर कडब्यावर आणि सुक्या गवतावर राहिलेली जनावरे कोवळ्या गवतावर तुटून पडतात. फार्महाउसच्या हिरवळीवर सोडलेली छोटी घोडी आणि पर्यटकांना फिरवणारी तट्टेही याला अपवाद नाहीत. पण हेच दमट, उबदार गवत घोड्याच्या पोटातील जंतांच्या पिल्लांना सर्वांत अनुकूल असते. त्यामुळे ‘जंताचे औषध कधी द्यायचे?’ हा प्रश्न घोडेमालकांना याच दिवसांत पडतो. ‘दर दोन-तीन महिन्यांनी सगळ्यांना द्यायचे’ हे अनेकांनी पाठ केलेले उत्तर मात्र आता शास्त्राला मान्य नाही.

दोन महिन्यांचा नियम कुठून आला?

घोड्याच्या पोटात जंत असणे हा काही अपवाद नाही. चरणाऱ्या बहुतेक प्रत्येक घोड्यात ते थोड्याफार प्रमाणात असतातच. त्यातला सर्वांत घातक जंत म्हणजे ‘स्ट्राँगायलस व्हल्गॅरिस’. त्याच्या अळ्या आतड्याला रक्त पुरवणाऱ्या धमनीत शिरतात, तिथे रक्ताच्या गुठळ्या होतात आणि पोटशूळाने घोडा दगावतो. 1966 मध्ये अमेरिकेतील ड्रज आणि लायन्स या संशोधकांनी या जंताला आवर घालण्यासाठी दर आठ आठवड्यांनी औषध देण्याची पद्धत सुचवली. ती यशस्वी झाली आणि नियमित औषध घेणाऱ्या घोड्यांमधून हा जंत जवळपास दिसेनासा झाला.

पुढे 1980च्या दशकात आयव्हरमेक्टिन आले. जपानच्या मातीत सापडलेल्या एका सूक्ष्मजीवापासून मिळालेल्या या औषधाच्या शोधासाठी सातोशी ओमुरा आणि विल्यम कॅम्पबेल यांना 2015 मध्ये नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. औषध स्वस्त, सोपे आणि परिणामकारक होते, त्यामुळे तपासणी न करता ठरल्या तारखेला ते देत राहण्याची सवय जगभर रुजली.

या सवयीची किंमत आता दिसते आहे. मोठा जंत मागे पडला आणि त्याची जागा ‘सायथोस्टोमिन’ या छोट्या लाल जंतांनी घेतली. फेनबेंडाझोलसारख्या जुन्या औषधांना हे जंत जगात अनेक ठिकाणी दाद देत नाहीत. भारतातील घोड्यांमध्येही असे जंत आढळले आहेत. शिंगरांच्या पोटातील मोठ्या गोलजंतांवर आयव्हरमेक्टिन चालेनासे झाल्याची नोंद नेदरलँड्समध्ये 2002 मध्येच झाली. घोड्यांसाठी नव्या गटाचे औषध लगेच बाजारात येण्याची चिन्हे नाहीत. म्हणजे हाती आहेत ती मोजकी औषधेच जपून वापरावी लागणार.

सगळे घोडे सारखे नसतात

एकाच माळावर चरणाऱ्या दहा प्रौढ घोड्यांची लीद तपासली, तर जंतांच्या अंड्यांपैकी साधारण ऐंशी टक्के अंडी त्यातल्या दोन-तीन घोड्यांकडूनच येत असतात. बाकीच्यांची प्रतिकारशक्ती जंतांना आपोआप आटोक्यात ठेवते. मग दहाही घोड्यांना वारंवार औषध देऊन काय साधते? फक्त औषधाला पुरून उरणारे जंत तेवढे मागे राहतात आणि पुढची पिढी त्यांचीच होते.

म्हणून आज जगभरातील पशुवैद्यक आधी लिदीतील अंडी मोजायला सांगतात. पद्धत जुनी आणि स्वस्त आहे. ताजी लीद संपृक्त मिठाच्या पाण्यात कालवतात, अंडी तरंगून वर येतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली रेघा आखलेल्या काचेवर मोजली जातात. एका ग्रॅममध्ये 200 पेक्षा कमी अंडी असली तर घोडा ‘कमी’ गटात येतो, 200 ते 500 असली तर ‘मध्यम’ आणि त्याहून जास्त असली तर ‘जास्त’ गटात. प्रौढ घोडा सहसा वर्षानुवर्षे एकाच गटात राहतो. त्यामुळे दोन-तीन तपासण्यांत प्रत्येक जनावराचा स्वभाव कळतो.

या तपासणीला मर्यादाही आहेत. आतड्याच्या भिंतीत दडून बसलेल्या अळ्या अंडी घालत नाहीत, त्यामुळे त्या मोजणीत येत नाहीत. चपट्या पट्टकृमींची अंडीही अनेकदा हुकतात. म्हणूनच अंडी कमी आढळली तरी प्रौढ घोड्याला वर्षातून किमान एकदा औषध देणे आवश्यक मानतात. त्याने जुना घातक जंत पुन्हा डोके वर काढत नाही.

छोट्या घोड्याचे वजन अंदाजाने नको

मिनिएचर घोडा म्हणजे बुटके तट्टू नव्हे. अमेरिकेतील मिनिएचर हॉर्स असोसिएशनच्या नोंदणीत आयाळीच्या शेवटच्या केसापाशी उंची 34 इंच, म्हणजे सुमारे 86 सेंटिमीटरपेक्षा जास्त चालत नाही. अशा घोड्याचे वजन बऱ्याचदा शंभर किलोच्या आसपास किंवा त्याहूनही कमी असते. औषधाच्या पेस्टची नेहमीची सिरिंज मात्र साडेपाचशे किलोहून जड घोड्यासाठी भरलेली असते.

हिशेब सोपा आहे. छातीचा घेर सेंटिमीटरमध्ये मोजून त्याचा वर्ग करावा, त्याला खांद्याच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या टोकापर्यंतच्या लांबीने गुणावे आणि 11,880 ने भागावे. घेर 100 आणि लांबी 105 असेल, तर वजन साधारण 88 किलो येते. आयव्हरमेक्टिनची मात्रा किलोमागे 0.2 मिलिग्रॅम असते, म्हणजे या घोड्याला साडेसतरा मिलिग्रॅमच्या आसपास औषध लागते. सबंध सिरिंज रिकामी केली तर त्याच्या सहापटींहून अधिक औषध पोटात जाईल. हे सूत्र मोठ्या घोड्यांसाठी बनवलेले आहे आणि छोट्या घोड्यांत थोडे चुकू शकते. जवळ वजनकाटा असेल तर तोच वापरावा.

आयव्हरमेक्टिनमध्ये चुकीला थोडी जागा असते, मॉक्सिडेक्टिनमध्ये ती फारच कमी. हे औषध शरीरातील चरबीत साठते, म्हणून हडकुळ्या, आजारी किंवा सहा महिन्यांखालील जनावराला ते धोक्याचे ठरू शकते. उलट, भीतीपोटी निम्मेच औषध देणेही घातक. कमी मात्रेने कमजोर जंत मरतात आणि चिवट जंत उरतात.

आणखी एक सवय सोडायला हवी. गाईम्हशींचे आयव्हरमेक्टिनचे इंजेक्शन किंवा मेंढ्यांसाठीचे लेव्हामिसोल घोड्याला परस्पर देऊ नये. इंजेक्शनच्या जागी घोड्याला गंभीर सूज आणि संसर्ग होऊ शकतो, आणि लेव्हामिसोलची सुरक्षित मात्रा व विषारी मात्रा यांत घोड्याच्या बाबतीत फारसे अंतर नाही.

छोट्या घोड्यांचा एक खास धोका असा, की जुलाब किंवा तापामुळे त्यांनी दोन दिवस खाणे सोडले तरी अंगातील चरबी मोठ्या प्रमाणात रक्तात उतरते आणि यकृतावर ताण येतो. जाड केसांखाली बरगड्या दिसत नाहीत, म्हणून अशक्तपणा उशिरा लक्षात येतो. नुसते पाहण्यापेक्षा आठवड्यातून एकदा बरगड्यांवरून हात फिरवावा. जुलाब, खाणे सोडणे किंवा पोटाकडे वळून पाहणे यांपैकी काही दिसले, तर घरच्या औषधाची वाट न पाहता पशुवैद्यकाला बोलवावे.

युरोपचे नव्हे, मावळाचे वेळापत्रक

परदेशी पुस्तकांतील वेळापत्रके तिथल्या वसंत आणि शरद ऋतूंवर बेतलेली असतात. इथे वर्ष पावसावर चालते. अंडे लिदीत पडल्यावर उबदार आणि ओलसर हवेत काही दिवसांत त्यातून अळी तयार होते आणि पावसाच्या पाण्याबरोबर गवताच्या पात्यावर चढते. एप्रिल-मेच्या कडक उन्हात आणि सुकलेल्या लिदीत तिचा टिकाव लागत नाही. लोणावळ्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तर नवलाख उंबरे परिसरात आणि पूर्वेकडे तो बराच कमी होत जातो. म्हणजे एकाच तालुक्यात धोक्याचा काळ सारखा नसतो.

यातून एक साधी चौकट मिळते. मे महिन्याच्या अखेरीस प्रत्येक प्रौढ घोड्याची लीद तपासावी आणि जास्त अंडी असलेल्यांनाच औषध द्यावे. उन्हाळ्यात सरसकट सगळ्यांना औषध देण्याचा मोह टाळावा. त्या वेळी गवतावर अळ्या जवळपास नसतात. औषधाला पुरून उरलेले जंत तेवढे पावसाळ्यात उरतात आणि माळावर त्यांचीच पिल्ले पसरतात. ऑगस्टमध्ये पुन्हा तपासणी करावी. पाऊस संपल्यावर, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये मात्र सर्व प्रौढ घोड्यांना एक वेळ औषध द्यावे आणि त्यात पट्टकृमींसाठी प्राझिक्वांटेलचा विचार पशुवैद्यकाशी बोलून करावा. औषध दिल्यावर 14 दिवसांनी काही घोड्यांची लीद पुन्हा मोजावी. आयव्हरमेक्टिननंतर अंडी जवळजवळ शून्यावर यायला हवीत. फेनबेंडाझोलनंतर घट 90 टक्क्यांहून कमी असेल, तर त्या तबेल्यात ते औषध निकामी होत असल्याची शंका घ्यावी.

शिंगरांना हे नियम लागू नाहीत. त्यांना मोठ्या गोलजंतांचा धोका असतो. हे जंत एकत्र गुंतून आतडे बंद करू शकतात आणि त्यांची अंडी जमिनीत वर्षानुवर्षे टिकतात. पहिले औषध साधारण दोन-तीन महिन्यांच्या वयात आणि पशुवैद्यकाने सांगितलेलेच द्यावे. नवीन विकत आणलेला घोडाही थेट कळपात सोडू नये. आधी वेगळा ठेवावा, लीद तपासावी, औषध द्यावे आणि ते लागू पडले का हे पाहूनच माळावर सोडावा.

फावडे आणि मेंढ्याही कामाच्या

बाटलीतल्या औषधाइतकेच परिणामकारक काम फावडे करते. माळावरची लीद आठवड्यातून दोनदा उचलली, तर अळ्या गवतावर पोहोचायच्या आधीच नाहीशा होतात. ही लीद कुरणावर ताजी पसरू नये. खड्ड्यात कुजवून, चांगली तापू देऊन मगच शेतात घालावी. एका जागी जास्त घोडे कोंबू नयेत आणि गवत जमिनीलगत कुरतडले जाईपर्यंत चरू देऊ नये.

घोड्याच्या जंतांपैकी बहुतेक शेळ्यामेंढ्यांच्या पोटात तग धरत नाहीत आणि मेंढ्यांचे बहुतेक जंत घोड्यात वाढत नाहीत. त्यामुळे कुरणावर आळीपाळीने मेंढ्या आणि घोडे चारले, तर दोघेही एकमेकांच्या जंतांच्या अळ्या साफ करतात. ‘ट्रायकोस्ट्राँगायलस ॲक्सी’ या पोटातील जंतासारखे थोडे अपवाद आहेत, म्हणून तपासणी चालूच ठेवावी. भीमा खोऱ्यातील भीमथडी घोडे आणि धनगरांच्या मेंढ्या पिढ्यान्‌पिढ्या एकाच वाटेने फिरत आल्या आहेत. त्या सवयीत ही सोय आपसूक होती.

लीद तपासणीसाठी आधी जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारावे. शिरवळ येथील क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालयातील परजीवीशास्त्र विभागाकडेही चौकशी करता येईल. जमिनीवर पडून राहिलेली नव्हे, तर नुकतीच टाकलेली मूठभर लीद पिशवीत हवा काढून घट्ट बांधावी, त्यावर घोड्याचे नाव आणि तारीख लिहावी, थंड ठेवावी आणि शक्यतो त्याच दिवशी पोहोचवावी. वर्षात दोनदा मोजणी आणि एकदा सर्वांना औषध, एवढ्यावर बहुतेक निरोगी प्रौढ घोड्यांचे भागते. मग ज्या दिवशी खरोखर औषधाची गरज पडेल, त्या दिवशी ते कामी येण्याची शक्यताही टिकून राहते.