फांदीवरचा माणूस

मे महिना संपत आला, की मुंबई-पुण्यासारख्या शहरांतील रस्त्यांवर एक ठरावीक दृश्य दिसू लागते. गुलमोहराच्या बुंध्याशी ट्रक उभा असतो. खाली दोघे-तिघे दोर धरून वर पाहत असतात आणि वीस-पंचवीस फुटांवर, अनवाणी पायांनी फांदीला वेढा घालून एक माणूस कोयता चालवीत असतो. पुष्कळदा त्याच्या कमरेला पट्टा नसतो, डोक्यावर शिरस्त्राण नसते आणि विजेची तार हाताच्या अंतरावरून गेलेली असते. कोठे कोठे हायड्रॉलिक शिडीची गाडी व यांत्रिक करवत आलेली आहे. पण अरुंद गल्लीत गाडी शिरत नाही, तेथे माणूसच चढतो. संध्याकाळपर्यंत झाड ‘हलके’ होते आणि पावसाळापूर्व कामांच्या यादीत आणखी एक खूण पडते.

या कामाची गरज नाही, असे कोणी म्हणणार नाही. मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळ किनाऱ्याजवळून गेले, तेव्हा मुंबईत झाडे कशी उन्मळली हे सर्वांनी पाहिले आहे. मूळचा मादागास्करचा गुलमोहर तर लाकडाने ठिसूळ आणि मुळांनी उथळ. वाळलेली फांदी वेळीच उतरविणे हे पादचाऱ्याच्या जिवासाठी आवश्यकच आहे. तेव्हा प्रश्न छाटणी करावी की नाही हा नसून, ती कोणी, कशी आणि कोणत्या साधनांनी करावी, हा आहे.

ब्रिटनसारख्या देशांत हे काम करणाऱ्यास ‘ट्री सर्जन’, म्हणजे वृक्षशल्यक, म्हणतात. त्याच्या कामाची सुरुवात झाडावर होत नाही, झाडाखाली होते. बुंध्याशी अळंबी उगवली आहे काय, लाकडी हातोडीने ठोकले असता खोड पोकळ वाजते काय, दुबेळक्यात चीर गेली आहे काय, हे तो आधी पाहतो. मग वजन बांधलेली बारीक दोरी भक्कम बेचक्यातून फेकून तिच्या मागोमाग मुख्य दोर ओढून घेतो. ऑस्ट्रियन गिर्यारोहक कार्ल प्रुसिक यांनी १९३१ मध्ये प्रसिद्ध केलेली गाठ त्याच्या फार कामाची. भार नसता ही गाठ दोरावरून सरकते आणि भार पडताच घट्ट आवळते. करवत चालू असताना तो दोन ठिकाणी बांधलेला असतो. दुसऱ्या बंधाच्या गाभ्यात बहुधा पोलादी तार असते, कारण करवतीला दोर आणि फांदी यांतला फरक कळत नाही. त्याच्या विजारीतही लांब तंतूंचे थर असतात. साखळीची करवत मांडीला लागलीच, तर ते तंतू ओढले जाऊन तिच्या चाकात गुंततात आणि साखळी क्षणार्धात थांबते. मोठी फांदी आधी दोराने बांधली जाते आणि खालचा सोबती बुंध्याला दोराचे वेढे देऊन ती हळूहळू उतरवितो. वरच्याचा जीव बराचसा या खालच्या माणसाच्या सावधपणावर अवलंबून असतो.

कापण्याचेही शास्त्र आहे. जड फांदी वरून एकाच घावात तोडली, तर ती पडताना खोडाची साल सोलून नेते. म्हणून पहिला छेद खोडापासून हातभर अंतरावर खालच्या बाजूने, दुसरा थोडा पुढे वरून आणि भार उतरल्यावर उरलेल्या खुंटाचा तिसरा छेद, अशी रीत आहे. फांदी खोडाला मिळते तेथे फुगीर कडे असते. हा तिसरा छेद त्या कड्याच्या बाहेर घ्यावयाचा. खोडाशी सपाट कापले तर झाडाची संरक्षक भिंतच कापली जाते. लांब खुंट ठेवला तर तो कुजत आत जातो.

ही दृष्टी आपल्याला सर्वस्वी परकी नाही. वराहमिहिराच्या सहाव्या शतकातील ‘बृहत्संहिते’त वृक्षायुर्वेदाचा स्वतंत्र अध्याय असून, रोगट भाग प्रथम शस्त्राने काढावा व मग वावडिंग, तूप आणि चिखल यांचा लेप द्यावा, असे त्यात सांगितले आहे. लेपाबाबत आजचे शास्त्र वेगळे बोलते. अमेरिकेच्या वनखात्यातील शास्त्रज्ञ अॅलेक्स शिगो यांनी असंख्य खोडे उभी चिरून दाखविले, की झाडाची जखम माणसासारखी भरून येत नाही. झाड तिच्याभोवती कोट उभारून कुजणे आत कोंडून ठेवते. त्यामुळे डांबर फासण्यापेक्षा छेद योग्य जागी असणे महत्त्वाचे. उलट, झाडाचा शेंडा सरसकट उडविला, की त्याखालून फुटणारे धुमारे दुबळ्या जोडाचे असतात आणि काही वर्षांनी तेच रस्त्यावर कोसळतात. पावसाळ्याच्या भीतीने केलेली अशी छाटणी पुढच्या पावसाळ्यांचा धोका वाढवून ठेवते.

महाराष्ट्रात झाडांच्या संरक्षणाचा कायदा १९७५ पासून आहे. वृक्ष प्राधिकरण, वृक्षगणना, तोडीची परवानगी ही सारी व्यवस्था त्यात असून, २०२१ च्या दुरुस्तीने पन्नास वर्षांवरील झाडांना वारसावृक्षाचा दर्जा मिळाला. हे स्वागतार्ह आहे. परंतु झाडावर चढणाऱ्याचे शिक्षण काय असावे आणि त्याच्या कमरेला काय बांधलेले असावे, याबाबत हा कायदा बोलत नाही. घरातील दिव्याची तार जोडणाऱ्या तारतंत्र्याला परवाना लागतो. शंभर वर्षांच्या वडावर कोयता चालविण्यास मात्र कंत्राटदाराचा शब्द पुरतो.

खर्चाची सबब पुढे येईल. पण या माणसांत कौशल्य नाही, असे नाही. तोल, धीर आणि फांदीचा अंदाज त्यांच्या अंगी आहेच. उणीव आहे ती साधनांची व शिक्षणाची. नारळ विकास मंडळाने केरळात २०११ पासून नारळावर चढणाऱ्यांना थोड्या दिवसांचे प्रशिक्षण, चढण्याचे यंत्र आणि विमा देण्याचा उपक्रम सुरू केला. जे नारळासाठी जमले, ते शहरातील वड-पिंपळांसाठी जमू नये काय? छाटणीच्या प्रत्येक कंत्राटात प्रशिक्षित माणूस, दोर-पट्टा आणि विमा यांची अट घालणे महापालिकांच्या हातचे आहे. झाडाची गणना करणाऱ्या व्यवस्थेने त्या झाडावरच्या माणसाचीही गणना करावी. तो सुखरूप खाली उतरला आणि झाडही सुखरूप उभे राहिले, तरच ती छाटणी म्हणावयाची. एरवी ती नुसती तोडच.